गेटवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सापडतच नाही!

प्रश्न : गेटवर कॅमेरा लावलाय, आत मेमरी कार्ड आणि फोनवर अ‍ॅप. दिवसभर नोटिफिकेशन येत राहतात, उघडावं तर फांदी हललेली नाहीतर मांजर, म्हणून हल्ली बघणंच सोडलंय. मध्यंतरी कोणीतरी गाडी घासून गेलं, ते आठवड्याने लक्षात आलं, शोधायला गेलो तर त्या दिवसाचं रेकॉर्डिंगच नाही. हे सगळं सांभाळायचं कसं?

उत्तर : ते रेकॉर्डिंग कोणी डिलीट केलेलं नसणार. कार्ड भरलं की कॅमेरा सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवीन लिहितो, बहुतेक कॅमेऱ्यांत हे सुरुवातीपासून चालूच असतं. २ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने, सलग रेकॉर्डिंग होत असेल तर २४ तासांत २१ जीबीच्या वर जागा जाते, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड सहा दिवसही पुरत नाही. आजच अ‍ॅपमध्ये सगळ्यात जुनी क्लिप कुठल्या तारखेची आहे ते बघा, तेवढीच तुमची मुदत.

पण माझ्या मते आधी सरळ करायला हवीत ती नोटिफिकेशनं, कारण खोट्या अलर्टना कंटाळून माणूस खराही बघत नाही. साधं मोशन डिटेक्शन फक्त चित्रातला बदल बघतं, त्याला चोर काय आणि सावली काय, सारखंच. म्हणून सेटिंगमध्ये डिटेक्शन झोन असेल तर फक्त गेट आणि गाडीची जागा आखून घ्या, झाड आणि रस्ता बाहेर ठेवा, मग सेन्सिटिव्हिटी थोडी थोडी कमी करत जा आणि प्रत्येक वेळी स्वतः गेटमधून चालून बघा अलर्ट येतो का. माणूस ओळखण्याचा पर्याय असेल तर तो चालू करा. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांपाशी (अंधारात दिसावं म्हणून असलेले, डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या प्रकाशाचे दिवे) किडे येतात, मागोमाग कोळी जाळं विणतो, ते लेन्ससमोर पांढरं चमकून हलत राहतं आणि रात्रभर अलर्ट येतात, त्यामुळे काच अधूनमधून मऊ कापडाने पुसायची.

शोधताना एकेक नोटिफिकेशन उघडू नका, टाइमलाइनवर जा, हालचालीच्या जागी वेगळ्या रंगाचे पट्टे असतात तेवढेच बघा. फोनवर लाइव्ह चित्र धूसर दिसलं म्हणून निराश होऊ नका, बऱ्याच अ‍ॅपमध्ये नेट वाचवायला हलक्या दर्जाचं चित्र येतं आणि कार्डावर त्याहून चांगलं असतं. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना, हे नक्की बघा, ते मागेपुढे असेल तर चुकीच्या वेळेत शोधत बसाल आणि पुढे ती क्लिप कोणाला दाखवली तर पहिला प्रश्न वेळेवरच येईल.

काही घडलंय असं कळलं की त्याच दिवशी क्लिप अ‍ॅपमधून डाउनलोड करा. स्क्रीनशॉट नको, स्क्रीन रेकॉर्डिंगही नको, मूळ फाइलच घ्या, आधीची-नंतरची काही मिनिटंही घ्या, आणि दोन ठिकाणी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान होतो आणि चेहरा आणखी पुसट होतो. कॉम्प्युटरवर उघडली नाही तर फाइल खराब झाली असं लगेच समजू नका, एच.२६५ फॉरमॅट (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) असेल, व्हीएलसी या फुकट मिळणाऱ्या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडून बघा. बाकीचं रोजचं साठवायची काही गरज नाही, ते जाऊ दे पुसलं.

कार्ड साधं असेल तर बदला, सतत लिहिण्यासाठी हाय एन्ड्युरन्स नावाची कार्डं मिळतात. नवीन कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

प्रश्न : रात्री गाडीचा नंबर नुसता पांढरा दिसतो. नंतर काही करून वाचता येईल का?

उत्तर : नाही, जे टिपलंच गेलं नाही ते झूम करून किंवा कुठल्या अ‍ॅपने परत येत नाही. नंबरप्लेट प्रकाश परत फेकते, इन्फ्रारेड सरळ तिच्यावर पडला की आकडे धुऊन निघतात, शिवाय अंधारात शटर हळू चालतं म्हणून चालती गाडी फराटल्यासारखी येते. गेटवर एक दिवा रात्रभर चालू ठेवा, कॅमेऱ्याचं इन्फ्रारेड बंद करून बघा आणि तोंड थोडं तिरकं करा. गाडी जिथे हळू होते किंवा थांबते त्या जागेवर कॅमेरा रोखलात तर आकडे वाचता येण्याची शक्यता बरीच वाढते.