ती तार घरी आली नाही

पत्र : ताई, माझं लेकरू ३२ व्या आठवड्यातच झालं, दीड किलोचं. २६ दिवस जिल्ह्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. घरी आणून आठ दिवस झाले. दिवसभर निजते आणि रात्री घुरघुरते, हातपाय झटकते. मी रातभर त्याच्या छातीवर हात ठेवून बसते. सासूबाई म्हणतात, "पालथं निजव त्याले, दवाखान्यातबी सिस्टर तसंच निजवत होत्या. न् जायफळ उगाळून दे, गपगार निजन." मीच येडी झाली का?
– एक आई, घाटंजी तालुका

पोरी, येडी नाहीस. २६ दिवस मशीनवरचे आकडे पाहून तू धीर धरलास. आता आकडे नाहीत, म्हणून हात ठेवून बसतेस.

सासूबाईंनी पाहिलं ते खरंच आहे. कमी दिवसांच्या लेकराला पालथं ठेवलं की श्वास घेणं सोपं जातं, म्हणून तिथं तसं निजवतात. पण त्यांनी लेकरू पाहिलं, त्याच्या पंजाला गुंडाळलेला तो लाल दिवा नाही पाहिला. श्वास अडला की त्याच्या तारेवरून मशीन ओरडायचं आणि सिस्टर धावायची. ती तार काही घरी आली नाही. म्हणून घरी उताणंच, दिवसाही आणि रात्रीही. उताणं असलं की दूध घशात अडकेल, असं कोणीतरी म्हणेलच. उताण्या लेकराची श्वासनळी अन्ननळीच्या वर असते, वर आलेलं दूध ते गिळून टाकतं. पूर्वी परदेशातले डॉक्टरही पालथंच सांगायचे. अमेरिकेत १९९४ साली उताणं निजवायची मोहीम निघाली आणि दहाएक वर्षांत झोपेत अचानक दगावणारी लेकरं निम्म्यावर आली. सासूबाईंना हे सांग, पण भांडून नको.

बाजेवर मात्र नको, ती मधे खोलगट होते. दिवाणावर घट्ट घडीची एकच गोधडी, तुझ्या हाताच्या अंतरावर, वर छत्रीवाली मच्छरदाणी. राईची उशी नको, तोंडावर दुपट्टा नको. थंडी वाटली तर झबलं वाढव. खोलीत शेगडी ठेवून दार लावून घेऊ नका, कोळशाचा धूर दिसत नाही तरी जीव घेतो.

जायफळ तर सहाणेला लावूच नकोस. त्यानं येते ती गुंगी, आणि गुंगीत लेकरू भूकही विसरतं, श्वासही. त्याला दर दोन-तीन तासांनी प्यायचं आहे. उठलं नाही तर तळवे चोळून उठव. रातभर गपगार निजणारं लेकरू सध्या आपल्याला नकोच आहे.

घुरघुरणं, झटके देणं, झोपेत तोंड वाकडं करणं, हे कच्च्या झोपेचं. भराभर श्वास, मग पाच-दहा सेकंद थांबणं, पुन्हा सुरू, हेही चालतं. थांबणं २० सेकंदांवर गेलं, ओठ निळे पडले, छाती आत ओढली जाऊ लागली, अंग गार लागलं किंवा पिणंच सोडलं, तर सकाळची वाट न बघता १०८.

दिवस-रात्रीचं म्हणशील तर त्या वॉर्डात रात्र होतच नाही, दिवे चोवीस तास. दिवसा दार उघडं ठेव, बोलत राहा; रात्री मंद दिवा, पाजायचं आणि ठेवायचं. महिने मोजताना डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोज, म्हणजे तुझं लेकरू अजून जन्मलेलंच नाही!

तुझ्या पत्रात नवरा कुठंच नाही. वेचणीचे दिवस आहेत, ठाऊक आहे. पण संध्याकाळी आठ ते अकरा त्यानं सदरा काढून लेकरू छातीला उभं धरावं, मान एका कुशीला वळवून, जागं राहून. त्या वेळात तू नीज. तेव्हाही डोळा लागत नसेल, नुसतं रडू येत असेल, तर आशाताईंना सांग किंवा मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी १४४१६ या नंबरला फोन कर. तो फुकट असतो.

एक झोपेबाहेरचं. सुट्टीचा कागद काढून बघ, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी लिहिली आहे का? इतक्या लवकर झालेल्या लेकरांची ती महिन्याच्या आत व्हावी लागते. तुझं ३४ दिवसांचं झालं. नसेल झाली तर कापूस राहू दे, उद्याच्या पहिल्या गाडीनं निघा.