क्वीनच्या कॅसेटी

प्रश्न : मी साठीला टेकलो आहे. १९८५ साली कॉलेजात असताना एका मित्राच्या खोलीवर ‘क्वीन’ या इंग्लिश रॉक बँडची गाणी ऐकली, आणि तेव्हापासून दुसऱ्या कुणाचे गाणे मनाला तसे भिडले नाही. मेसच्या पैशांतून वाचवून घेतलेल्या अकरा कॅसेटी आजही कपाटात आहेत. पण यंदाच्या पावसाळ्यात त्यांतील काहींच्या फितीवर पांढरी बुरशी धरली. मुलगा म्हणतो, “बाबा, सगळी गाणी मोबाइलवर आहेत, आता हे टाकून द्या.” टाकाव्यात का? आणि या वयात एकाच बँडचे एवढे वेड शोभते का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : टाकू नका, आणि बुरशी धरलेली कॅसेट तूर्त टेपरेकॉर्डरमध्येही घालू नका, कारण ती बुरशी हेडला (फीत जिथे घासून वाचली जाते त्या भागाला) लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवलेल्या चुंबकीय भुकटीच्या थरात गाणे साठवलेले असते, आणि आपल्याकडच्या दमट हवेत नेमका तोच थर बिघडतो. या कॅसेटी वेगळ्या काढून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद डब्यात काही दिवस कोरड्या होऊ द्याव्यात. उन्हात मात्र ठेवू नयेत. बुरशी सुकल्यावर नाकाला रुमाल बांधून ती कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसावी, आणि पुढे कॅसेट पहिल्यांदा वाजेल तेव्हाच तिची संगणकावर नक्कल करून घ्यावी.

फितीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १९७५ साली ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे क्वीनचे गाणे ध्वनिमुद्रित करताना बँडमधल्या फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनी आपल्याच आवाजांवर आवाज चढवण्यासाठी मूळ फीत इतक्यांदा फिरवली की तिच्यावरचा थर झिजून आरपार दिसू लागले, असे बँडमधल्यांनीच सांगितले आहे. आपली कॅसेट झिजली असेल, तर तीही अशीच प्रेमाने झिजली आहे.

राहिला वयाचा प्रश्न. ज्या कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीवर रसिकांनी जन्मभर जीव लावला, तिथे एकाच गाण्याशी इमान राखणाऱ्याने संकोच का करावा? (फ्रेडी शाळेत शिकला तो आपल्या पाचगणीत, आणि पहिला बँडही त्याने तिथेच केला, हे मुलाला जरूर सांगा.) शिवाय ऐकणारा वयाबरोबर बदलतो. विशीत आपल्याला फक्त फ्रेडीचा आवाज ऐकू येत असेल. आता जॉन डीकन यांच्या बेस गिटारकडे कान द्या. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ हे त्यांचेच गाणे आहे, आणि ते सगळे त्या बेसवर उभे आहे.

नक्कल करताना मुलाला शेजारी बसवा आणि दोन गाण्यांमधली शांतता कापू नका. मोबाइलवर गाणी सुटी सुटी वाजतात. पण ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ या क्वीनच्या अल्बममध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ विरत गेल्यावर ब्रायन मे यांच्या गिटारवर ‘गॉड सेव्ह द क्वीन’ या ब्रिटिश राष्ट्रगीताची धून उभी राहते, आणि ती येणार हे त्या शांततेतच आपल्या कानाला आधी कळते.