'हक्का' म्हणजे पाहुणे नव्हेत

तैवानच्या पिंगतुंगमधलं लिउत्वेई हक्का सांस्कृतिक उद्यान पाहून आलेल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: तिथे मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनी भाषेत, 'केजिया' म्हणतात, मग 'हक्का' कुठून आला? आणि आपल्या नूडल्सशी त्याचा काय संबंध?

नूडल्सचं आधी उरकतो. 'हक्का' हा नूडल्सचा प्रकार नाही, हे किती वेळा सांगायचं? ते एका चिनी समाजाचं नाव आहे. कोलकात्याच्या टांगऱ्यात चामडं कमावण्याचा धंदा करणारे चिनी बहुतेक हक्का होते, आणि आपल्याकडच्या 'चायनीज'ची चव घडली ती त्या शहरात. 'हक्क'शी नातं तर जोडूच नका, तो अरबी आहे.

मूळ शब्द दोन: 'हाक' आणि 'का'. 'का' म्हणजे घर, कुटुंब. दक्षिण चीनच्या बोलींनी पहिल्या शब्दाअखेरचा क् राखला. मँडरिनने तो गाळला आणि 'का'चा 'जिया' केला.

आता 'हाक'. सगळे कोश 'पाहुणा' लिहून मोकळे होतात, आणि मग कौतुकाचे लेख येतात: 'पाहुण्यांचा समाज'. पाहुणा शेत कसतो का? चीनच्या सोंग राजवटीच्या दप्तरात कुटुंबांचे दोन वर्ग होते. जमीन असलेली ती 'धनी', नसलेली ती 'हाक'. हे वाचताना मराठी माणसाला आपलं गाव आठवायला हवं: मिरासदार आणि उपरी! आपला उपरीही जमीन कसायचा, पण त्याला मिरासीचा, म्हणजे जमिनीच्या वंशपरंपरागत मालकीचा, अधिकार नसे. म्हणून हक्का म्हणजे उपरी, असं माझं ठाम मत आहे. अभ्यासक म्हणतात, दप्तरातले 'हाक' साम्राज्यभर होते, एकट्या हक्कांचं ते नाव नव्हतं. नसेना! शब्द दप्तरातून लोकांच्या तोंडी जातो, मग ज्याला चिकटायचा त्याला चिकटतो. 1660च्या दशकात चीनच्या छिंग सरकारने दक्षिणेकडच्या ग्वांगतुंग प्रांताचा किनारा सक्तीने रिकामा केला. बंदी उठल्यावर ओसाड जमिनींवर हेच लोक आले. जुने रहिवासी स्वतःला 'पुंती' म्हणत, म्हणजे इथलेच. त्या दोघांत 1855 ते 1867 रक्तरंजित लढाया झाल्या. पाहुण्याशी कोणी बारा वर्षं लढत नाही. उपऱ्याशी लढतात.

लिउत्वेई म्हणजे 'सहा तुकड्या'. तैवानातल्या 1721च्या बंडात गावं राखायला हक्कांनी उभारलेल्या सेनेचं हे नाव: आघाडी, मध्य, पुढची, मागची, डावी, उजवी.

उच्चार मराठीत 'हक्का'च ठेवावा.