वाचकांचे प्रश्न : एकनळी बंदूक

प्रश्न : मुलगा ओहायोत एच-वन-बी व्हिसावर आहे. त्यानं गावाबाहेर जमीन असलेलं घर घेतलंय आणि ससे भाजीचे वाफे फस्त करतात. स्वस्तातली सिंगल शॉट, म्हणजे एका वेळी एकच बार होणारी एकनळी बंदूक घ्यायची म्हणतो. १२ बोअर घ्यावी की २०? आणि परदेशी माणसाला ती मिळते का? (मुलुंड)

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं बघू. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत बंदूक बाळगायला फेडरल कायद्यानं बंदी आहे. त्याला मोजके अपवाद आहेत आणि तुमच्या मुलाच्या उपयोगाचा अपवाद म्हणजे चालू मुदतीचा शिकार परवाना. तो साधारणपणे शिकार-सुरक्षेचा वर्ग पूर्ण केल्यावर मिळतो. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यावरून पार्श्वभूमी तपासतात. परवान्याची मुदत संपली की घरात पडून असलेली बंदूकही अडचणीत आणते, त्यामुळे नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगा. सशांचा हंगाम आणि वस्तीजवळ गोळी झाडण्याचे स्थानिक नियमही त्यानं आधी पाहावेत.

आता बंदूक. बोअर हे नळीच्या रुंदीचं माप, १२ ची नळी २० पेक्षा रुंद. आमचं मत २० बोअरला. स्वस्त एकनळी जेमतेम अडीच-पावणेतीन किलोची असते आणि धक्का शोषून घेणारं तिच्यात काहीच नसतं. तिच्यात १२ बोअरचं तीन इंची जड काडतूस घातलं की खांदा दोन दिवस बोलतो. पुढचा बार काढताना माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो आणि नेम जातो. २० बोअरमध्ये ७/८ औंस, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा नंबरचे छर्रे घ्यावेत. त्यात दोनशेच्या आसपास छर्रे येतात आणि पंचवीस-तीस यार्डांपर्यंत सशाला ते पुरेसे आहेत. फोर-टेन बोअर ही आणखी अरुंद नळीची बंदूक दिसायला सोपी आणि धक्क्याला हलकी, पण तिच्या अडीच इंची काडतुसात अर्धाच औंस शिसं मावतं. नवशिक्याच्या हातून त्यात जनावर जखमी होऊन पळतं. ती पक्क्या नेमबाजाची बंदूक आहे.

अमेरिकेत एच अँड आर कंपनीच्या पार्डनर आणि टॉपर या एकनळ्या पिढ्यान्‌पिढ्या खपल्या. २०१५ मध्ये त्यांचं उत्पादन थांबलं, पण जुना माल भरपूर फिरतो. नवी हवी असेल तर स्टीव्हन्स ३०१ पाहावी. या बंदुकांची नळी बिजागिरीवर खाली वाकवून काडतूस भरतात. जुनी घेताना नळीखालची पुढची लाकडी मूठ काढून, बंदूक बंद ठेवून नळी हलवून पाहायची. मूठ लावलेली असताना तिचा स्प्रिंग नळीचा ढिलेपणा लपवतो. नळी खुळखुळली तर बिजागिरीची पिन किंवा नळी बंद धरणारं कुलूप झिजलंय, ती परत ठेवून द्यायची. मग रिकामी नळी उजेडाकडे धरून आत बघायचं. सावलीची वर्तुळं गोल दिसायला हवीत, एखादं वाकडं किंवा तुटलेलं दिसलं तर तिथं पोचा आहे. दुसऱ्या बंदुकीची नळी आणून बसवायच्या फंदात पडू नये. एच अँड आरची नळी कारखान्यात त्याच फ्रेमला घासून बसवलेली असते.

एक गोष्ट मुलाला मुद्दाम सांगा. घरात १२ आणि २० अशा दोन्ही बंदुका कधी आल्याच, तर काडतुसं एका खिशात ठेवायची नाहीत. २० चं काडतूस १२ च्या नळीत सरकून पुढे अडकतं. बार होत नाही, माणूस रिकामी समजून मागं १२ चं भरतो आणि नळी फुटते. २० बोअरची काडतुसं पिवळी असतात ती याचसाठी.

प्रश्न : वडील गेले. त्यांची जुनी इंग्लिश एकनळी १२ बोअर कपाटात आहे. वारसाहक्कानं ती ठेवता येईल का, आणि तिच्यात आजची काडतुसं चालतील का? (गिरगाव)

उत्तर : कपाटात ठेवू नका. परवाना वडिलांच्या नावावर होता, तुमच्या नाही. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. मग आपल्या नावानं परवान्याचा अर्ज. मुंबईत तो पोलीस आयुक्तांकडे जातो.

काडतुसांचं मात्र नीट वाचा. जुन्या इंग्लिश बंदुकांचा चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, बऱ्याचदा ६५ मिमीचा असतो आणि आजचं नेहमीचं काडतूस ७० मिमीचं. फसवणूक अशी की न उडवलेलं ७० चं काडतूस तोंड दुमडलेलं असल्यानं साठ मिमीच्या आसपासच भरतं आणि जुन्या चेंबरात ते आरामात बसतं. बार झाला की दुमड उलगडते, तिला जागा मिळत नाही, तोंड आवळलं जातं आणि दाब वाढतो. ‘बसतंय ना’ ही परीक्षा इथं कामाची नाही. चेंबरची लांबी विक्रेत्याच्या गेजनं मोजून घ्या, सोबत नळीच्या खाली ठोकलेले प्रूफचे, म्हणजे नळीची दाबचाचणी झाल्याचे शिक्केही वाचून घ्या.

आणि जमा करण्याआधी बंदूक कापडी म्यानातून बाहेर काढा. मुंबईच्या पावसाळ्यात म्यान ओल धरतं आणि त्याच्याच आकाराचा गंज नळीवर उठतो.

प्रश्न : मुरबाडकडे आमची शेती आहे, रानडुकरं भात लोळवतात. परवान्याची एकनळी आहे, मारता येईल का? (ठाणे)

उत्तर : नुसत्या बंदुकीच्या परवान्यावर नाही. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची लेखी परवानगी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी देतो. त्याशिवाय मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, प्रसंगी दोन्ही. परवानगी असली तरी मेलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता असतं, ते वनखात्याला कळवावं लागतं, घरी आणून शिजवायचं नाही. तोवर नुकसानीचा अर्ज फोटोंसह वनरक्षकाकडे द्या. आणि कागद हातात आला तरी सशाचे बारीक छर्रे डुकरावर वापरू नका. कातडीत अडकून ते जनावर नुसतं पिसाळतं आणि पुढचा बार भरायला एकनळी उघडेपर्यंत ते तुमच्या अंगावर असतं.