त्याचं सगळं गेलंय, म्हणून तिनं मार खायचा?

प्रश्न: ताई, आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. वरच्या मजल्यावर मणिपूरचं एक जोडपं भाड्यानं आहे. २०२३ च्या हिंसाचारात घर जळालं, आधी रिलीफ कॅम्पात होते मग इकडं आले. ती पार्लरमध्ये जाते, त्याचं तिकडं दुकान होतं, इथं काहीच नाही. पगार झाला की भांडण ठरलेलं. परवा मास्क लावून जिना उतरत होती, जरा सरकला तर गालावर वळ. आमचे हे म्हणतात, बिचाऱ्याचं सगळं गेलंय, दुसऱ्याच्या संसारात कशाला पडतीस? काय करू?

उत्तर: तुमच्या ह्यांना त्याची दया येते त्यात वावगं काही नाही. पण घर तिचंही जळालंय ना? ती कुणावर हात उगारत सुटली नाही, उलट रोज उठून कामाला जाते.

आणि हे मणिपूरच्या माणसांचंच असं काही नाही हं. २०११ नंतर सीरियातून लाखो लोक जॉर्डन, लेबनॉनला गेले, तिथं पुरुषांना रीतसर काम मिळेना, कितीतरी घरात बायका मिळेल ते काम करून भाडं भागवायला लागल्या आणि त्यांनी सांगितलेल्या गोष्टी ऐकल्या तर तुमच्या वरच्या मजल्यासारख्याच, म्हणजे पैसा तिनं आणायचा पण कर्ता तोच, मग पगार हातात मागायचा, कुठं गेलतीस विचारायचं, फोन बघायचा, शेवटी हात उचलायचा. बऱ्याच घरात मारहाण आधीपासूनच होती, फक्त तेव्हा मधे पडायला आई, भाऊ, शेजारपाजार असायचा. आता तिला शेजार म्हणजे तुम्हीच.

(बाई कमावती झाली की घर बुडत नाही, हे ह्यांना सांगाच. १९४३ ते ४८ आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धातले पाचेक हजार पोलिश निर्वासित होते, बहुतेक बायका आणि पोरं, पुरुष लष्करात. संसार बायकांनीच रेटला.)

आता कामाचं. समेट करायला वर जाऊ नका, तुम्ही खाली आला की राग तिच्यावरच निघणार. ती एकटी असताना बोला, तिला काय हवंय ते आधी विचारा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाई तात्पुरती जिथं राहते तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो, मणिपूरला जायची गरज नाही. ह्याच कायद्याखाली नेमलेल्या सरकारी संरक्षण अधिकाऱ्याला तुम्हीसुद्धा कळवू शकता, चांगल्या हेतूनं कळवलं तर तुमच्यावर काही येत नाही. कसबा बावड्याच्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असू दे. मारहाण चालू असेल तर सरळ ११२, सल्ल्याला १८१. लागलं असेल तर सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. आधार, पासबुकाचे फोटो तुमच्या मोबाईलमध्ये ठेवा, आणि पगार तिच्याच नावच्या खात्यात येतोय ना ते बघा.

त्याच्यासाठी काम बघायचं असेल तर ह्यांनी जरूर बघावं, गांधीनगरात कापडाची एवढी दुकानं आहेत, ओळख काढता येईल. फक्त काम लागलं की सुधारेल असं धरून तिचा अर्ज लांबवू नका.