तारणहार, त्राता की जगवणारा?

एक मैत्रीण आग्नियेश्का हॉलंड यांच्या ‘इन डार्कनेस’ (2011) या पोलिश चित्रपटावर लिहायला बसली आणि पहिल्याच वाक्यावर अडली. वाक्य होतं, ‘लिओपोल्ड सोखा हा ज्यूंचा असंभाव्य तारणहार होता.’ कानाला काहीतरी खटकतंय, पण नक्की काय ते कळत नाही, म्हणून तिने मला विचारलं. शब्द दोनच आहेत, पण दोघांवरही थांबून बोलण्यासारखं आहे.

आधी माणूस कोण ते सांगते, कारण शब्द त्याच्या अंगावर बसायला हवा. दुसऱ्या महायुद्धाआधी पोलंडमध्ये असलेलं ल्वूफ शहर आज युक्रेनमध्ये लविव म्हणून आहे. तिथे लाखाहून जास्त ज्यू राहत होते. सोखा त्याच शहरातला भुयारी गटारांचा कामगार. शिवाय चोर, शिक्षा भोगून आलेला. 1943 च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी जर्मनांनी तिथली ज्यू वस्ती संपवायला घेतली, तेव्हा काही कुटुंबं जमिनीखालच्या गटारांत उतरली. तिथे ती सोखाच्या हाती लागली. त्याने रोजचे पैसे ठरवून घेतले आणि त्यांना लपवलं. पुढे त्यांच्याजवळचा पैसा संपला. तरी तो डबे घेऊन येतच राहिला. चौदा महिन्यांनी, 1944 च्या जुलैमध्ये, दहा जण जिवंत वर आले. ज्यूंना थारा देणाऱ्याला तेव्हा जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये मृत्युदंड होता आणि पुष्कळदा त्याच्या बायकामुलांनाही सोडत नसत.

आता ‘असंभाव्य’. घटना असंभाव्य असते, माणूस नसतो. ‘अशा पावसात एसटी वेळेवर येणं असंभाव्य’ हे मराठी आहे. ‘असंभाव्य तारणहार’ हे इंग्रजीतलं ‘अनलाइकली’ जसंच्या तसं उचलून आणलेलं आहे. आपण अशा वेळी विशेषण शोधत नाही, वाक्य करतो: ‘त्याच्याकडून कुणी ही अपेक्षाच केली नसती’, ‘ध्यानीमनी नसलेला माणूस उभा राहिला’. इथे ‘वाल्याचा वाल्मीकी झाला’ असं लिहायचा मोह होईल. तो मात्र टाळावा. वाल्या सगळं टाकून तपाला बसतो आणि दुसराच माणूस होऊन उठतो. सोखाने काही टाकलं नाही. चोराला लागतं ते सगळं, म्हणजे अंधाराची सवय, खोटं बोलताना न हलणारा चेहरा, कुठली वाट कुठे निघते याची माहिती, त्याने याच कामाला लावलं. त्याला ऋषी करून टाकलं तर त्याचं कौतुकच कमी होतं.

‘तारणहार’ शब्द मला फार आवडतो. राखणहार, सिरजणहार यांच्या घरातला. तरून जाणे, पैलतीर गाठणे ही त्याची मूळ कल्पना, ‘देव तारी त्याला कोण मारी’ मधलीच. पण या गोष्टीत तो दोन ठिकाणी अडतो. मराठी ख्रिस्ती बांधव ‘तारण’ म्हणतात तेव्हा त्यांना पापापासूनची मुक्ती अभिप्रेत असते, आणि मराठी बायबलात येशूच ‘तारणारा’ आहे. कॅथलिक माणसाने ज्यूंचा जीव वाचवल्याच्या गोष्टीत हा शब्द आला की धर्मांतराची छटा डोकावते, आणि तिथे तर तसं काही नव्हतं. दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘तारण’ म्हणजे गहाण ठेवलेली वस्तूही. सोनेतारण, विनातारण कर्ज हे शब्द रोज कानावर पडतात. ज्याने सुरुवातीला पैसे घेतले त्याला ‘तारणहार’ म्हणताना हा दुसरा अर्थ वाचणाऱ्याच्या मनात चुकून जरी जागा झाला, तरी सोखावर अन्याय होतो. त्याचं मोठेपण तारण संपल्यानंतर सुरू होतं.

‘उद्धारक’ नको. उद्धार पतितांचा होतो, आणि हे लोक पडलेले नव्हते, त्यांना ढकललं गेलं होतं. ‘आश्रयदाता’ म्हटलं की राजवाडा आणि गवई डोळ्यांपुढे येतात. ‘त्राता’ अर्थाने अचूक, आणि त्यातलं ‘त्राण’ तर सुंदरच: शिरस्त्राणातलं रक्षणही तेच आणि ‘अंगात त्राण उरलं नाही’ मधली ताकदही तीच. पण ‘त्राता’ म्हटलं की मूर्ती उभी राहते, गटारातून गुडघाभर चिखल तुडवत येणारा पोल्देक दिसत नाही. (त्याला सगळे पोल्देकच म्हणत.)

ज्यूंच्या स्वतःच्या भाषेत काय म्हणतात ते इथे बघण्यासारखं आहे. ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणारी इस्रायलची याद वाशेम संस्था अशा माणसांना ‘हसीदे उम्मोत हाओलाम’ हा किताब देते. शब्दशः, ‘जगातल्या इतर लोकांमधले धर्मशील’. 1978 मध्ये तो सोखाला मिळाला, बायकोसह, मरणोत्तर. त्या किताबात वाचवण्याचा उल्लेखच नाही. कर्माऐवजी वृत्तीला नाव दिलं आहे.

मराठीत मात्र आपल्याला क्रियापद जास्त जवळचं. तिथेच मला उत्तर सापडलं. ‘वाचवणं’ हे क्षणाचं काम असतं: बुडणाऱ्याला हात दिला, गाडीखालून पोर ओढलं. चौदा महिने रोज भाकरी पोचवणं, एका जागी धोका वाटला की दुसरीकडे हलवणं, शब्बाथसाठी, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या पवित्र दिवसासाठी, मेणबत्त्या मिळवून देणं, यासाठी आपल्याकडे दुसरा शब्द आहे: जगवणं. दुष्काळात बाया हंड्या-हंड्याने पाणी घालून झाडं जगवतात. चारा विकत घेऊन गुरं जगवतात. ‘जगवलं’ म्हटलं की त्यात रोजची खेप येते आणि उद्या पुन्हा यायचंय हेही येतं.

त्या गटारातली सात वर्षांची क्रिस्तिना खिगेर पुढे मोठी झाली आणि तिने आठवणी लिहिल्या. आजीने विणलेला हिरवा स्वेटर ती तिथे अंगावर घालून होती. तो आता वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात आहे. अंधारात ती अगदी मिटून गेली, बोलेना, खाईना, तेव्हा सोखाने तिला उचलून वरच्या झाकणाशी नेलं आणि उजेड दाखवला. याला ‘तारलं’ कसं म्हणायचं? जगवलंच म्हणायला हवं.

चित्रपटाच्या शेवटी तो बाहेर आलेल्यांकडे हात करून ‘माझे ज्यू, माझे ज्यू’ म्हणून ओरडतो. ज्याने रोपं जगवली तो ‘माझी झाडं’ म्हणतो ना, तसंच. युद्धानंतर थोड्याच काळात आपल्या मुलीला ट्रकखालून वाचवताना तो स्वतः गेला. (इथे ‘वाचवताना’च योग्य.) त्याच्या अंत्यविधीला कुणीतरी म्हणालं, ज्यूंना मदत केली म्हणून देवाने शिक्षा केली.

तर मैत्रिणीचं वाक्य मी असं करेन: ‘ज्याच्याकडून कुणी कसलीच अपेक्षा केली नसती, त्या लिओपोल्ड सोखाने ल्वूफच्या गटारात लपलेल्या ज्यूंना चौदा महिने जगवलं.’ नामच हवं असेल तर ‘जगवणारा’. शीर्षकाला जरा ओबडधोबड वाटेल, पण सोखाला ते शोभेल.