ब्राउझरमधून जास्त काम कसं काढून घ्यावं? कोणतं एक्सटेन्शन टाकू?

तुम्ही लिहिलंय की दिवसभर पन्नासेक टॅब उघडे असतात, हवा तो सापडत नाही, कॉम्प्युटर धापा टाकतो, तर एखादं चांगलं एक्सटेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, सुचवा. माझं ऐकाल तर आधी एकही टाकू नका. कामं एकमेकांत मिसळलीत, ती आधी वेगळी करा.

मी कोल्हापुरात, शाहूपुरीत एका कर सल्लागाराकडे कामाला आहे. दर महिन्याला जीएसटीची दोन विवरणपत्रं भरायची असतात: ११ तारखेला आर-वन, २० तारखेला थ्री-बी. त्याआधीचे तीन-चार दिवस चहासुद्धा कीबोर्डशेजारीच होतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका १९ तारखेला रात्री एका पोर्टलवर मी एका टॅबमध्ये गुळाच्या व्यापाऱ्याचं लॉगिन केलं, शेजारच्या टॅबमध्ये चप्पलवाल्याचं. टॅब दोन म्हणजे खाती दोन, असा माझा समज. मग पहिल्या टॅबवर जाऊन लेजर, म्हणजे खातेवही, डाउनलोड केलं आणि नाव न बघता व्हॉट्सअ‍ॅपवर धाडून दिलं. पाच मिनिटांत गुळवाल्यांचा फोन: "अवो, आम्ही चपला कवापास्नं विकाय लागलो?"

झालं होतं असं. लॉगिन केलं की साइट ब्राउझरमध्ये एक कुकी ठेवते. तो आपला बिल्ला. त्या साइटचे सगळे टॅब मिळून बिल्ला एकच. चप्पलवाल्याचं लॉगिन झालं तेव्हा गुळवाल्यांचा बिल्ला गेला. पहिल्या टॅबवर मात्र आधीचंच पान दिसत राहिलं, आणि डाउनलोड झालं ते नव्या बिल्ल्यावर. कपाटात आम्ही दोन पक्षकारांचे कागद चुकूनही एका फाइलीत बांधत नाही, आणि ब्राउझरमध्ये रोज तेच करत होतो.

यावर इलाज म्हणजे प्रोफाइल. क्रोममध्ये वर उजवीकडे आपलं गोल चित्र असतं, त्यावर क्लिक करून नवीन प्रोफाइल जोडता येतं. प्रत्येक प्रोफाइलच्या कुकी, पासवर्ड, बुकमार्क, हिस्टरी, सगळं वेगळं. माझी तीन आहेत: तांबडा, पांढरा आणि सुकं. (हसू नका, नावं चटकन आठवतात.) तांबड्याची थीम लाल, पांढऱ्याची पांढरी, एकाच वेळी दोन पक्षकारांचं काम असलं की एक इकडे, एक तिकडे. सुकं म्हणजे घरचं: लाइटबिल, बँक, यूट्यूब. ते ऑफिसच्या वेळेत उघडतच नाही, त्यामुळे 'सहज' म्हणून क्रिकेटचा स्कोअर बघणं आपोआप कमी झालं.

इन्कॉग्निटोच्या, म्हणजे हिस्टरी न ठेवणाऱ्या, दोन खिडक्या उघडून हे जमेल असं बऱ्याच जणांना वाटतं. जमत नाही, कारण त्या खिडक्यांचाही आपसात बिल्ला एकच असतो. फायरफॉक्स वापरत असाल तर ते बनवणाऱ्या मोझिलाचंच 'मल्टी-अकाउंट कंटेनर्स' हे एक्सटेन्शन आहे. एकाच खिडकीत रंगीत रेघेचे टॅब, प्रत्येक रंगाचं लॉगिन वेगळं. एक्सटेन्शन हवंच असेल तर हे घ्या. बाकीच्यांपैकी बरीच बसवताना 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी मागतात. लोकांची खाती हाताळणाऱ्या माणसाने ती ओळ नीट वाचावी.

आता टॅब सापडत नाही त्याबद्दल. क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-ए दाबा, नावाची दोन अक्षरं टाइप करा, एंटर. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत टक्क्याचं चिन्ह, एक स्पेस आणि मग नाव. वळवाच्या पावसात लाइट गेली आणि सगळंच बंद झालं, तर ब्राउझर परत उघडून कंट्रोल-शिफ्ट-टी. टॅब परत येतात. अर्धवट भरलेला फॉर्म येईलच असं नाही, तो अधूनमधून सेव्ह करत चला.

पत्त्याच्या पट्टीतली आणखी एक सोय फार कमी लोक वापरतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सर्च इंजिनच्या भागात 'साइट सर्च' असतं. ज्या साइटवर रोज शोधता, तिच्यावर एकदा काहीतरी शोधा, आलेला पत्ता तिथे चिकटवा आणि शोधलेल्या शब्दाच्या जागी टक्क्याचं चिन्ह व त्याला लागून लहान इंग्रजी एस लिहा. शॉर्टकट म्हणून दोन इंग्रजी अक्षरं द्या. पुढे पत्त्याच्या पट्टीत ती दोन अक्षरं, कीबोर्डवरचं टॅबचं बटण, शब्द, एंटर. साइट उघडा, शोधायचा चौकोन हुडका, हे सगळं वाचतं. मराठी विकिपीडिया मी असाच उघडतो.

धाप लागण्याचं म्हणाल तर क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबून कोणता टॅब किती मेमरी खातोय ते बघा आणि सेटिंग्जमध्ये 'मेमरी सेव्हर' चालू करा, तो न वापरलेले टॅब झोपवून ठेवतो. कामाचं पोर्टल मात्र 'नेहमी सक्रिय ठेवा'च्या यादीत घाला. नोटिफिकेशन सरसकट बंद.

आणि ते पन्नास टॅब? कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून सगळे बुकमार्कच्या एका फोल्डरमध्ये टाका, फोल्डरला आजची तारीख द्या आणि खिडकी बंद करा. माझ्याकडे असे चार फोल्डर झालेत. त्यातली परत उघडलेली लिंक आजवर एकच, तीही बायकोने मागितली म्हणून: कटाच्या आमटीची.